समुद्राकडे निघालेली सॅल्मनची पिल्ले आणि नदीचे आम्ल पाणी

आपण वणी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवता आणि आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. आम्लवर्षेचा धडा शिकवताना आपण नॉर्वेतील सॅल्मन माशाचे उदाहरण दिले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, नदीचे पाणी आम्ल झाले तरी पिल्ले नदीत जिवंत दिसतात आणि समुद्राचे पाणी तर आम्ल नसते, मग ती मरतात कुठे आणि कशाने? पुढे मुलांनी खाणीच्या बाजूने येणाऱ्या नाल्याचा सामू (पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच अंक; सातच्या खाली पाणी आम्ल) कागदी पट्टीने पाहिला, तो साडेपाचच्या आसपास निघाला, आणि आपल्या नाल्यातील माशांचेही असेच होत असेल का, हा दुसरा प्रश्न त्यातून आला.

मी मत्स्य-आरोग्य आणि पाणी-तपासणीच्या कामात आहे. उमेदीची काही वर्षे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅल्मनची पिल्ले वाढवणाऱ्या केंद्रात काढली आणि त्यानंतरचा काळ भंडारा-गोंदियाकडील मामा (माजी मालगुजारी) तलावांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मत्स्यपिल्ले, सोडणाऱ्या मच्छीमार संस्थांबरोबर गेला. दोन्हीकडे लोक पहिला प्रश्न एकच विचारतात : सामू किती झाला म्हणजे मासा मरतो? याला एका आकड्यात उत्तर देता येत नाही, आणि जे देतात त्यांच्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. तोच सामू एका नदीत निरुपद्रवी ठरतो आणि दुसरीत माशांची एक पिढी गारद करतो. म्हणून प्रश्न असा मांडावा लागतो की, कोणत्या वयाच्या माशाला, वर्षाच्या कोणत्या दिवसांत, किती वेळ आणि कशाच्या संगतीत ते आम्ल पाणी भेटले. आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न या मुद्द्याच्या अगदी जवळ पोहोचलेला आहे, म्हणून आधी तोच घेतो.

अटलांटिक सॅल्मनची मादी शरद ऋतूत नदीच्या वरच्या अंगाला, वाहत्या पाण्याखालच्या गोट्यांत अंडी घालते. वसंतात पिल्ले गोट्यांतून बाहेर येतात आणि पुढे एक ते चार वर्षे, अतिथंड नद्यांत त्याहूनही अधिक काळ, नदीतच वाढतात. या काळात त्यांच्या अंगावर उभे गडद पट्टे असतात, प्रत्येक जण आपापली जागा धरून असतो आणि प्रवाहाकडे तोंड करून वाहत येणारे किडे टिपत असतो. पिल्लू साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचे झाले की एखाद्या वसंतात त्याच्या शरीरात मोठा फेरबदल सुरू होतो. पट्टे पुसट होतात, अंग चांदीसारखे चकाकू लागते, खवले इतके सैल होतात की हाताळताना ते तळहाताला चिकटून येतात, आणि एकेकटा राहणारा हा मासा थव्याने प्रवाहाबरोबर खाली निघतो. या अवस्थेतील पिल्लाला स्मोल्ट म्हणतात. आपल्याकडे चढणीचे मासे पहिल्या पुरात वर जातात ते अंडी घालायला. सॅल्मनचे स्मोल्ट खाली जातात ते समुद्रात वाढायला. दोन्ही प्रवास ठरावीक थोड्या दिवसांत उरकावे लागतात, एवढे साम्य मात्र ध्यानात ठेवावे, कारण पुढे नाल्याच्या चर्चेत ते कामाला येणार आहे.

बाहेरून दिसणाऱ्या चांदीपेक्षा महत्त्वाचा बदल कल्ल्यांत होतो. गोड्या पाण्यात माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते. त्यामुळे शरीरातील क्षार सतत बाहेर झिरपतात आणि पाणी आत शिरते. मासा पाणी पीत नाही, भरपूर पातळ लघवी करून जादा पाणी काढून टाकतो, आणि कल्ल्यांतील विशिष्ट पेशी पाण्यातून सोडियम व क्लोराइड ओढून घेऊन तूट भरून काढतात. समुद्रात सगळे उलटे होते. तेथील पाणी रक्ताच्या सुमारे तिप्पट खारट असते, शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते, म्हणून माशाला समुद्राचे पाणी प्यावे लागते आणि त्याबरोबर आलेले मीठ कल्ल्यांवाटे बाहेर फेकावे लागते. म्हणजे ज्या अवयवाने आजवर मीठ आत घेतले, त्यालाच ते बाहेर टाकण्याचे काम करावे लागते. ही उलटापालट समुद्रात पोहोचल्यावर करू म्हटल्याने होत नाही. त्याआधी कित्येक आठवडे, नदीत असतानाच, कॉर्टिसॉल आणि वाढीच्या संप्रेरकाच्या प्रभावाने कल्ल्यांत मीठ फेकणाऱ्या पेशी वाढतात आणि त्यांना बळ देणारे सोडियम-पोटॅशियम एटीपेज हे विकर (एन्झाइम) कित्येक पटींनी वाढते.

आता या घडणीच्या आठवड्यांत नदीचे पाणी आम्ल झाले तर काय होते ते पाहू. पाण्यात हायड्रोजनचे आयन वाढले की कल्ल्यांची सोडियम आत घेण्याची क्रिया मंदावते. त्याच वेळी कल्ल्यांच्या पेशींमधील सांधे घट्ट धरून ठेवणारे कॅल्शियम त्या आयनांमुळे निसटते आणि सांधे सैल होऊन क्षारांची गळती वाढते. आपल्याकडील धानाच्या बांधीचा धुरा (बांध) फुटावा आणि त्याच रात्री मोटरीचे व्होल्टेज पडावे, तसा हा दुहेरी मार असतो. रक्तातील सोडियम आणि क्लोराइड घसरत जाते, रक्तातील पाणी पेशींत शिरू लागते, रक्त दाट होते, आणि ते ढकलताना हृदय थकते. सामू पाचच्या बराच खाली गेला तर केवळ एवढ्यानेही मासा दगावतो. परंतु ज्या नद्यांतून सॅल्मन नाहीसे झाले त्यांतील बऱ्याच नद्यांचे पाणी एवढे तीव्र आम्ल कधी नव्हतेच. तेथे आम्लाला एक जोडीदार मिळाला होता.

तो जोडीदार म्हणजे ॲल्युमिनियम. भूकवचात ऑक्सिजन आणि सिलिकॉन यांच्या खालोखाल याच मूलद्रव्याचे प्रमाण आहे; मुरमात, मातीत, दगडात ते सर्वत्र आहे, पण उदासीन पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. मातीतून झिरपणारे पाणी आम्ल झाले की ते सुटे होऊन नदीत येते, आणि सामू पाच ते सहाच्या दरम्यान असताना ते अशा रूपांत असते की थेट कल्ल्यांना चिकटते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकत असतो, त्यामुळे कल्ल्यांलगतच्या पाण्याचा सामू भोवतालच्या आम्ल पाण्यापेक्षा थोडा चढा राहतो, आणि विरघळलेले ॲल्युमिनियम नेमके तेथेच साक्यासारखे बसते. त्याला झटकण्यासाठी कल्ले बुळबुळीत स्राव सोडतात, कल्ल्यांची बारीक पाती एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायू आत जाणे अवघड होते. कॅल्शियमचे प्रमाण अत्यल्प असलेल्या मऊ पाण्यात, प्रतिलिटर काही दशक मायक्रोग्रॅम एवढे सुटे ॲल्युमिनियम स्मोल्टची तयारी मोडायला पुरेसे ठरते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, हे मुलांना फळ्यावर लिहून दाखवावे.

बीज-केंद्रात आम्ही जी तपासणी करत असू, ती सांगितली तर विद्यार्थिनीला उत्तर स्पष्ट दिसेल. समुद्रातील पिंजऱ्यांत मासे सोडण्यापूर्वी थोडे स्मोल्ट निवडून, समुद्राइतक्या खारट पाण्याच्या, म्हणजे हजारी सुमारे ३४ भाग क्षार असलेल्या पाण्याच्या टाकीत २४ तास ठेवायचे. दुसऱ्या दिवशी भूल देऊन शेपटीच्या मुळाशी असलेल्या शिरेतून रक्त काढायचे आणि रक्तद्रवातील क्लोराइड मोजायचे. ते प्रतिलिटर १५० मिलीमोलच्या खाली राहिले, तर कल्ले मीठ बाहेर फेकू शकत आहेत असे समजायचे. आम्ल आणि ॲल्युमिनियमयुक्त पाण्यात राहिलेले मासे या चाचणीत नापास होतात, मात्र टाकीत ठेवण्याच्या क्षणापर्यंत त्यांच्याकडे पाहून काहीही कळत नाही. ते खात असतात, चांदीसारखे चकाकत असतात. कल्ल्यांचे झाकण अंगठ्याने उचलून पाहिले, तर कधी कधी लालभडक पात्यांवर पांढुरक्या स्रावाचा पातळ थर आणि कडांना किंचित जाडी एवढेच दिसते, आणि अनेकदा तेवढेही दिसत नाही. रक्त तपासले तर गोड्या पाण्यात क्लोराइड थोडे कमी भरते. खाऱ्या टाकीत मात्र चोवीस तासांत तेच क्लोराइड भलतेच वर गेलेले असते, मासा तळाशी मंद पडून असतो आणि त्याचे मांस पाणी निघून गेल्याने आवळलेले असते.

तेव्हा विद्यार्थिनीला असे सांगता येईल : आम्ल पाण्याने पिल्लाला नदीत मारलेच पाहिजे असे नाही, त्याच्या कल्ल्यांची तयारी मोडली तरी पुरे. असे पिल्लू नदीच्या मुखापर्यंत जिवंत पोहोचते, खाऱ्या पाण्यात शिरते आणि तेथे काही दिवसांत शरीरातील पाणी गमावून मरते, किंवा सुस्तावल्यामुळे कॉड मासे आणि समुद्रपक्षी त्याला आधीच टिपतात. त्याचे कलेवर कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

यातूनच सर्वेक्षणातील एक फसगत निर्माण होते, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त लक्ष तिकडे द्यायला हवे. नदीत मेलेले मासे सापडत नाहीत, लहान पिल्लांची मोजणी बरी येते, तेव्हा नदी ठीक आहे असा अहवाल लिहिला जातो, आणि पुढील दोन-तीन वर्षांत समुद्रातून परतणारे मोठे मासे कमी झाले की दोष समुद्रातील मासेमारीला किंवा हवामानाला दिला जातो. त्यांचाही वाटा असतो, नाही असे नाही. परंतु नॉर्वेत आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात झालेल्या प्रयोगांतून हे पुन्हा पुन्हा दिसले आहे की, जेमतेम दोन-तीन दिवसांचा मध्यम आम्ल पाण्याचा संपर्कसुद्धा, नदीत एकही मासा न मारता, स्मोल्टची खारे पाणी सोसण्याची क्षमता घटवतो. स्वच्छ पाण्यात परत ठेवले तर रक्तातील क्षारांचा तोल काही दिवसांत सावरतो, पण कल्ल्यांतील विकर पूर्ववत व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि स्मोल्टजवळ तेवढा वेळ नसतो. पाणी तापत गेले की त्याची समुद्रात जाण्याची तयारी आपोआप ओसरते. मुदत चुकली की प्रवास चुकला.

म्हणूनच मी वार्षिक सरासरी सामूला फारसे महत्त्व देत नाही. दक्षिण नॉर्वेत हिवाळाभर बर्फ साचते आणि विसाव्या शतकात त्या बर्फात ब्रिटन व युरोपातील कोळशाच्या धुरातून आलेले गंधकाचे आणि नत्राचे आम्ल साचत जाई. वसंतात बर्फ वितळू लागे तेव्हा सुरुवातीच्या थोड्या पाण्याबरोबर त्या आम्लाचा फार मोठा हिस्सा एकदम बाहेर पडे. वर्षाची सरासरी सहाच्या घरात दिसणाऱ्या नदीत त्या मोजक्या दिवसांत सामू साडेपाचच्या खाली उतरे, आणि सामूचे माप दहाच्या पटीत चालत असल्यामुळे सहावरून पाचवर येणे म्हणजे आम्लता दहापट होणे. नेमके तेच दिवस स्मोल्ट निघण्याचे असतात. जानेवारी १९९३ मधील वादळांनी आणखी एक प्रकार दाखवून दिला. वाऱ्याने समुद्राचे मीठ आत जमिनीवर फेकले, त्यातील सोडियमने आधीच आम्ल झालेल्या मातीतील हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम हुसकावून नदीत आणले आणि मासे मेले. पावसात नवे आम्ल आलेले नसतानाही मातीत साठलेले जुने आम्ल असे बाहेर पडू शकते.

परिस्थितीवर काय काय अवलंबून असते, तेही सांगायला हवे, कारण येथेच वाचलेली माहिती एका नदीवरून दुसरीवर चुकीची चिकटवली जाते. पहिली गोष्ट कॅल्शियम. पाणी जितके जड, तितके कल्ल्यांचे सांधे घट्ट राहतात आणि मासा आम्ल अधिक सोसतो. ग्रॅनाइट आणि नाइस खडकांवरील नद्यांत कॅल्शियम प्रतिलिटर एखाद-दोन मिलिग्रॅम एवढेच असते, म्हणून तेथील सॅल्मन इतके हळवे ठरतात. दुसरी गोष्ट पाण्याचा रंग. दलदलीतून येणाऱ्या तपकिरी पाण्यातील सेंद्रिय द्रव्य ॲल्युमिनियमला धरून ठेवते आणि त्याची बाधा कमी करते, त्यामुळे दिसायला गढूळ-तपकिरी नदी काही वेळा काचेसारख्या स्वच्छ नदीपेक्षा सुरक्षित असते. मात्र हे पाणी मुखाशी समुद्राच्या पाण्यात मिसळते तेव्हा बांधलेल्या ॲल्युमिनियमचा काही भाग पुन्हा सुटा होऊ शकतो, आणि नॉर्वेतील खाड्यांत असे घडल्याचे आढळले आहे. तिसरी गोष्ट वय आणि जात. अंड्यांच्या वेळी आम्ल पाणी अंड्याचे कवच विरघळवणाऱ्या विकराला निकामी करते आणि तयार पिल्लू आतच अडकते. मधल्या वयाची पिल्ले तुलनेने तग धरतात. स्मोल्ट सर्वांत नाजूक असतात. त्याच नदीतील तपकिरी ट्राउट सॅल्मनपेक्षा चिवट असतो, म्हणून नदीत ट्राउट दिसतो यावरून सॅल्मनला धोका नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

इतिहास थोडक्यात. विसाव्या शतकाच्या आरंभीच दक्षिण नॉर्वेतील नद्यांत मेलेले सॅल्मन दिसू लागले होते आणि १९२० च्या दशकात तेथील मत्स्यशास्त्रज्ञांनी पिल्लांच्या मृत्यूचा संबंध आम्ल पाण्याशी जोडला होता. टोव्हडाल, मांडाल यांसारख्या नावाजलेल्या नद्यांतील सॅल्मन पुढे संपले. कॅनडातील नोव्हा स्कॉशियाच्या नद्यांबद्दल १९८३ मध्ये जे प्रसिद्ध झाले त्यानुसार, सामू ४.७ च्या खाली असलेल्या नद्यांतून सॅल्मन नाहीसे झाले होते आणि ४.७ ते ५.० च्या नद्यांत ते घटत होते. १९७९ चा सीमापार वायुप्रदूषणाबाबतचा करार झाल्यानंतर युरोपातील गंधकाचे उत्सर्जन पुष्कळ कमी झाले, तरी नद्या लगेच सुधारल्या नाहीत, कारण अनेक दशकांच्या आम्लाने मातीतील कॅल्शियमच धुऊन नेले होते. म्हणून नॉर्वेने नद्यांत चुनखडीची भुकटी सोडायला सुरुवात केली. औड्ना नदीत हे काम १९८५ मध्ये सुरू झाले, मांडालमध्ये १९९७ मध्ये. प्रवाह आणि सामू पाहून आपोआप भुकटी सोडणारी यंत्रे तेथे बसवलेली आहेत, आणि लक्षात घेण्यासारखे हे की, सामूचे लक्ष्य वर्षभर सारखे ठेवत नाहीत. एरवी ६.० च्या आसपास चालते, पण स्मोल्ट घडण्याच्या आणि निघण्याच्या महिन्यांत ते ६.२ आणि पुढे ६.४ पर्यंत चढवले जाते. चुनखडीवरील खर्च माशाच्या पंचांगाप्रमाणे बेतलेला असतो.

येथे एक बारकावा आहे, जो चुना टाकण्याच्या आपल्याकडील सवयीलाही लागू पडतो. चुन्याने सामू क्षणात चढतो, पण ॲल्युमिनियमला निरुपद्रवी रूपात स्थिरावायला वेळ लागतो. त्या मधल्या वेळेत, म्हणजे यंत्राच्या लगेच खालच्या टप्प्यात, किंवा आम्ल ओढा स्वच्छ नदीला मिळतो त्या संगमापाशी, पाणी वरच्या आम्ल पाण्यापेक्षाही घातक असू शकते, मग सामूचा आकडा कितीही चांगला दिसो. म्हणून माशांच्या मुख्य वस्तीपासून पुरेसे वर चुनखडी सोडतात, आणि बीज-केंद्रांत येणाऱ्या पाण्यात सोडियम सिलिकेट मिसळून ॲल्युमिनियम बांधून टाकण्याची पद्धतही वापरतात.

आता आपला नाला. सॅल्मनची कहाणी तेथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही. रोहू, कतला, मृगळ किंवा नाल्यातील मरळ यांना समुद्रात जायचे नसते, त्यामुळे समुद्रात उघडे पडणारे ते छुपे नुकसान येथे संभवत नाही. शिवाय वणी, राजुरा, कोरपना हा चुनखडीचा पट्टा आहे. सिमेंटचे कारखाने त्यामुळेच तेथे आले. पश्चिमेकडे काळा बेसॉल्ट आहे. अशा भूस्तरांवरील पाणी स्वभावतः जड आणि किंचित अल्कधर्मी असते, सामू साडेसात-आठच्या घरात. गोंडवन कोळशात गंधकाचे प्रमाणही एकंदरीत कमी, त्यामुळे बहुतेक खाणींचे उपसलेले पाणी आम्ल नसते. आणि याच कारणाने साडेपाचचा आकडा खरा असेल, तर तो नॉर्वेतील साडेपाचपेक्षा अधिक गंभीर खूण ठरतो. तेथे पाण्यात आम्ल जिरवण्याची ताकदच नसते, त्यामुळे थोड्या आम्लाने सामू घसरतो. आपल्याकडे तो तेवढा घसरायला आधी पाण्यातील सगळी अल्कता, म्हणजे आम्ल जिरवण्याची ताकद, संपावी लागते. असे आम्ल येते ते साधारणपणे कोळशाच्या किंवा वरच्या मातीच्या थरातील पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजातून. हवा आणि पाणी लागले की त्यापासून गंधकाम्ल आणि विरघळलेले लोह तयार होते.

पण आकडा खरा आहे की नाही, हे आधी पाहावे. जमिनीतून नुकत्याच बाहेर आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो आणि त्यामुळेही सामू उतरलेला दिसतो. नाल्याच्या काठावरच दोन पेल्यांत पाणी पाच-दहा मिनिटे वरून खाली ओतत राहावे आणि पुन्हा पट्टी बुडवावी. सामू सातकडे चढला तर काळजीचे कारण बहुधा तो वायूच होता. चढला नाही, तर एका स्वच्छ पारदर्शक बाटलीत ते पाणी भरून वर्गाच्या खिडकीत ठेवावे. पायराइटचे पाणी भरताना नितळ दिसते, पण एक-दोन दिवसांत त्याला नारिंगी झाक येते, तळाशी गंजासारखा साका बसतो आणि सामू आणखी उतरतो, कारण विरघळलेले लोह हवेशी संयोग पावताना नवे आम्ल सोडते. याच कारणाने नमुना घरी नेऊन दुसऱ्या दिवशी मोजलेला सामू मी ग्राह्य धरत नाही; तो जागेवरच मोजावा लागतो. नाल्याच्या तळाशीही असाच नारिंगी थर आणि त्याखाली निर्जीव गोटे दिसले, तर लोह, ॲल्युमिनियम, मँगनीज, सल्फेट आणि एकूण अल्कता यांची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी. नमुने तीन जागांचे असावेत : नाला नदीला मिळण्यापूर्वी, नदीत संगमाच्या वर आणि संगमाच्या खाली.

वेळेचा मुद्दा मात्र सॅल्मनकडून जसाच्या तसा घेण्यासारखा आहे. उन्हाळाभर मातीच्या ढिगाऱ्यांवर पायराइटपासून बनलेले सल्फेटचे क्षार वाळून साचतात आणि पहिल्या जोरदार पावसात ते एकदम धुऊन येतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण मृगाचा पहिला लोंढा तेच काम करतो. चढणीचे मासे त्याच लोंढ्याला वर येतात, अंडी त्याच आठवड्यांत पडतात, आणि संस्थांची मत्स्यजिरे (माशांची अगदी लहान पिल्ले) सोडण्याची घाईही त्यानंतर लगेच सुरू होते. मे महिन्यात किंवा दिवाळीनंतर घेतलेला सामू या दिवसांबद्दल काहीच सांगत नाही. मुलांना मोजमाप करायला लावायचे असेल, तर पहिल्या पावसाच्या पहिल्या तासांत, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने, एवढ्या तीन वेळा करायला लावावे. वर्षभरातील बाकीच्या मोजण्यांपेक्षा या तीन अधिक उपयोगी पडतील. मात्र मुले पुराच्या पाण्याजवळ जाणार नाहीत, नमुना मोठ्यांनीच दोरीला बांधलेल्या डब्याने काढावा.

नाल्यात मासे मरत असतील, तर सर्व दोष सामूला देण्याचीही घाई करू नये. आपल्या तलावांत आणि डोहांत पहाटे मरणारे मासे बहुतेक वेळा प्राणवायूच्या तुटीने मरतात. ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. आणि अमोनिया साचलेल्या पाण्यात 'मासे मरतात म्हणून चुना टाका' हा सल्ला तर घातकच ठरू शकतो, कारण सामू चढला की अमोनियाचे विषारी रूप वाढते. चुना हे आम्लावरचे औषध आहे, ते आम्ल सिद्ध झाल्यावरच वापरावे.

नाल्याचे पाणी गावातील एखाद्या तलावात येत असेल आणि तेथे संस्था बीज सोडत असेल, तर त्यांना एक स्वस्त चाचणी सुचवावी. पहिला लोंढा ओसरेपर्यंत बीज सोडणे थांबवावे, मग नाला तलावात शिरतो त्या तोंडाजवळ एक लहान हापा (पाण्यात बांधायचा जाळीचा पिंजरा) बांधून त्यात थोड्या बोटुकल्या ठेवाव्यात, आणि तुलनेसाठी दुसरा हापा तलावाच्या दूरच्या टोकाला. तीन दिवस त्या जगल्या एवढ्यावर समाधान मानू नये. दोन्ही हाप्यांतील काही बोटुकल्या काढून, कल्ल्यांचे झाकण उचलून, पाती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. तोंडाजवळच्या हाप्यातील पात्यांवर पांढुरका किंवा तांबूस थर असेल आणि दूरच्या हाप्यातील पाती स्वच्छ लाल असतील, तर त्या वर्षी बीज नाल्याच्या बाजूने सोडू नये, आणि दोन्ही ठिकाणच्या पाण्याचे नमुने त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे पाठवावेत.